आत्मनिवेदन : एका शब्दाचे दोन अर्थ

श्रीमद्भागवताच्या सप्तम स्कंधात प्रल्हादाने जी नवविधा भक्ती सांगितली आहे, तिच्यातील नववी आणि शेवटची भक्ती आत्मनिवेदन ही होय. परीक्षितीचे श्रवण, शुकाचे कीर्तन, अक्रूराचे वंदन, मारुतीचे दास्य, अर्जुनाचे सख्य अशी जी उदाहरणे परंपरेने दिली जातात, त्यांत आत्मनिवेदनाच्या स्थानी बळिराजाचे नाव येते. त्रैलोक्य देऊन झाल्यावर तिसऱ्या पावलासाठी ज्याच्यापाशी स्वतःच्या मस्तकावाचून काही उरले नाही, तो बळी. येथे निवेदनाचा अर्थ अर्पण असा आहे. देवापुढे ठेवतो तो नैवेद्य हा शब्दही याच कुळातला. परंतु ‘विद्’ धातूच्या प्रयोजक रूपापासून आलेल्या या शब्दाचा दुसरा अर्थही तितकाच जुना आहे : जाणविणे, कळविणे, सांगणे. मराठीत आज कोणी आत्मनिवेदन असे म्हटले म्हणजे ऐकणाऱ्याच्या मनात हा दुसरा अर्थच प्रथम उभा राहतो. एकाच शब्दाच्या पोटात आपल्याला देऊन टाकणे आणि आपली हकीकत सांगणे हे दोन अर्थ एकत्र कसे नांदले, याचा इतिहास पाहू लागले म्हणजे मराठी भाषेचाच एक मोठा इतिहास डोळ्यांपुढे येतो.

हा विषय या ग्रंथात घेण्यास एक कारण घडले आहे. वर्धापनाच्या निमित्ताने पाठशाळेच्या जुन्या विद्यार्थ्यांकडून आणि मठाच्या शिष्यवर्गाकडून आठवणी मागविण्यात आल्या, तेव्हा पुष्कळांचे उत्तर जवळजवळ एकाच शब्दांत आले. श्रीगुरूंविषयी लिहू, उत्सवांविषयी लिहू, परंतु स्वतःविषयी काय लिहावयाचे? ते अहंकाराचे लक्षण होय. या संकोचात विनय आहे, यात संशय नाही. तथापि तो आपल्या परंपरेचा आदेश आहे, असे जे मानले जाते ते मात्र तपासून पाहिले पाहिजे. कोणत्याही मठाचे दप्तर उघडावे. गुरुपरंपरा, सनदा, इनामपत्रे, उत्सवाचा जमाखर्च, ग्रंथांच्या याद्या हे सारे तेथे सापडते. ज्यांनी पहाटे उठून संथा म्हटली, ज्यांनी पंक्तीत वाढले, जे चार वर्षे राहून निघून गेले, त्यांचा आवाज तेथे सापडत नाही. आचार्य कोण झाले हे दप्तर सांगते. त्यांच्यापुढे बसणाऱ्याला काय झाले हे सांगणारे कोणीच नसते.

प्रथम संस्कृताकडे पाहू. संस्कृत कवी स्वतःविषयी बोलत नाहीत, हे विधान कालिदासापुरते खरे आहे, सर्वांविषयी खरे नाही. भवभूतीने ‘मालतीमाधवा’च्या प्रस्तावनेत विदर्भातील पद्मपूर, आपले तैत्तिरीय शाखेचे कुल, गोत्र, आजा, पिता असा परिचय दिला आहे. काश्मीरचा बिल्हण देशोदेशी हिंडत अकराव्या शतकात कल्याणीच्या चालुक्य विक्रमादित्याच्या सभेत आला. त्याने आपल्या ‘विक्रमांकदेवचरिता’चा अठरावा, शेवटचा सर्ग बहुतांशी स्वतःची जन्मभूमी, कुल आणि प्रवास यांना वाहिला आहे. या सर्वांत बाणभट्ट वेगळा. ‘हर्षचरिता’च्या प्रारंभीच्या उच्छ्वासांत तो आपले बालपणी मातृहीन होणे, चौदाव्या वर्षी पित्याचे छत्र हरपणे आणि त्यानंतरचे स्वैर भटकणे सांगतो. त्याच्या सोबत्यांची यादी वाचण्यासारखी आहे. तीत भाषाकवी आहेत, गारुडी आहेत, मृदंग वाजविणारे आहेत, संन्यासीही आहेत. प्रथम भेटीत हर्षाने आपली हेटाळणी केली हेही त्याने लपविलेले नाही. सातव्या शतकातील राजकवीने इतके मोकळेपणाने लिहावे, हे आजही वाचकाला चकित करते.

पण या तिघांचेही ऐकणारे कोण, हे लक्षात घ्यावे. ते सभ्य आहेत, पंडित आहेत, राजा आहे. कवीने आपली हकीकत सांगावयाची ती आपले कुल आणि विद्या त्या सभेच्या योग्यतेची आहे हे ठरविण्यासाठी. आणि ज्यांना त्या सभेत स्थान नव्हते त्यांचे काय? आमच्या पाठशाळेत ‘शाकुंतल’ शिकवितात तेव्हा विद्यार्थी एक गोष्ट नियम म्हणून पाठ करून पुढे जातात : नाटकात राजा व ब्राह्मण संस्कृत बोलतात, आणि स्त्रिया व सेवक प्राकृत बोलतात. शकुंतला शौरसेनी बोलते. टीकाकार तिच्या वाक्याखाली संस्कृत छाया देतो आणि विद्यार्थी बहुधा छायाच वाचतो. शकुंतलेचे स्वतःचे शब्द छापलेले असूनही अवाचित राहतात. हा केवळ नाट्यशास्त्राचा संकेत आहे असे म्हणून मला त्याकडे दुर्लक्ष करवत नाही.

मराठीत हे उलटले, आणि ते उलटविणाऱ्यांत मोठमोठे शास्त्री होते ही विशेष गोष्ट आहे. सराळ्याचे म्हाइंभट हे श्रीचक्रधरांना वादात जिंकण्याच्या हेतूने गेलेले विद्वान. चक्रधरांच्या पश्चात, तेराव्या शतकाच्या शेवटच्या चरणात, त्यांनीच गावोगाव हिंडून, ज्याने जी लीळा पाहिली होती त्याच्या तोंडून ती ऐकून ‘लीळाचरित्र’ सिद्ध केले. महादाइसेसारख्या स्त्रीचे प्रश्न, कोणाचा रुसवा, कोणाची भूक, असे सारे त्या गद्यात बोलल्याप्रमाणे उतरले आहे. त्याच पंथात संस्कृतात रचना करणाऱ्या केशोबासांना नागदेवाचार्यांनी मराठीत लिहिण्यास सांगितले. संस्कृत केले तर आमच्या म्हाताऱ्या बायका नागवल्या जातील, असा त्यांच्या सांगण्याचा आशय होता. ज्याला सांगावयाचे त्याला कळावे ही एकच कसोटी. ती एकदा मान्य केली म्हणजे ऐकणाऱ्यालाही बोलण्याचा अधिकार आपोआप येतो.

या ग्रंथाच्या कानडी भागातील वाचकांना याच्याही आधीचे स्मरण होईल. ज्या कल्याणीत बिल्हणाने आपला संस्कृत सर्ग रचला, त्याच कल्याणीत पुढच्या शतकात बसवेश्वर आणि त्यांचे शरण कानडीत वचने बोलू लागले. अक्कमहादेवींनी आपला गृहत्याग आणि आपली विरहव्यथा प्रथमपुरुषी सांगितली. प्रत्येक वचनाला ‘अंकित’ असते. बसवण्णांचे कूडलसंगमदेव, अक्कांचे चेन्नमल्लिकार्जुन. हे अंकित म्हणजे बोलणाऱ्याच्या आराध्याचे नाव, स्वतःचे नव्हे, पण तेवढ्यावरून वचन कोणाचे ते ओळखता येते. मराठी संतांनी उलट आपलेच नाव घातले : नामा म्हणे, तुका म्हणे. जनाबाई मात्र ‘नामयाची दासी’ म्हणवितात आणि सोयराबाई ‘चोखयाची महारी’. दुसऱ्याच्या नावाच्या आश्रयाने उभी राहिलेली ही नाममुद्रा पाहून आज कोणाला वाईट वाटेल. परंतु त्या आडोशातून जे बोलले गेले ते दुसऱ्या कोणाचे होण्यासारखे नाही.

समर्थांनी दासबोधाच्या चौथ्या दशकाच्या नवव्या समासात आत्मनिवेदनाचे विवरण केले आहे. त्यांचा रोख असा की, अर्पण करावयाचे ते काय हे आधी पाहिले पाहिजे. मी कोण, हा शोध केल्यावाचून मी मला देवास दिले या म्हणण्यास अर्थ नाही. समर्थांचा मार्ग विचाराचा, तत्त्वविवेचनाचा आहे, आणि शोधाअंती तो ‘मी’ उरतच नाही. पण त्यांच्याच काळात देहूच्या तुकोबांनी तोच शोध अनुभवाच्या बाजूने घेतला. आपली जात कोणती, व्यापार कसा बुडाला, दुष्काळात कुटुंबातील माणसे कशी गेली, मोडलेले देऊळ बांधावे असे मनात कसे आले, स्वप्नात नामदेव येऊन काय सांगून गेले, हे त्यांनी अभंगांत सांगितले. 1630 च्या सुमाराचा तो दुष्काळ इतिहासाच्या पुस्तकांतही आहे, पण तो भोगलेल्या माणसाचा आवाज तुकोबांच्या अभंगांतच ऐकू येतो. आपण सांगू नये ते सांगत आहोत, पण संतांनी विचारले म्हणून सांगावे लागते, अशी प्रस्तावना ते करतात. आमच्या जुन्या विद्यार्थ्यांचा संकोच तुकोबांनाही होता. विचारणारे भेटले म्हणून तो गळून पडला.

आणि आता बहिणाबाई. खानदेशच्या बहिणाबाई चौधरी वेगळ्या. या शिऊरच्या, तुकोबांच्या शिष्या. 1628 मध्ये वेरूळच्या परिसरातील देवगाव येथे आऊजी कुलकर्णी व जानकी यांच्या पोटी त्यांचा जन्म झाला. अगदी बालवयात शिऊरच्या गंगाधर पाठक या वयाने पुष्कळ मोठ्या बिजवराशी त्यांचा विवाह झाला. हा सारा मुलूख 1948 पर्यंत हैदराबाद संस्थानात होता आणि आज छत्रपती संभाजीनगर जिल्ह्यात आहे. घरच्या विपत्तीमुळे हे कुटुंब देशोधडीस लागले आणि पंढरपूर, शिखर शिंगणापूर, रहिमतपूर करीत भिक्षेवर कोल्हापुरास आले. ही सर्व हकीकत आपल्याला कशी ठाऊक? बहिणाबाईंनी स्वतः सांगितली म्हणून. त्यांच्या गाथेतील हे चरित्रपर अभंग ‘आत्मनिवेदन’ या नावानेच ओळखले जातात. शब्दाचे दोन्ही अर्थ येथे एकाच ठिकाणी येऊन बसले.

कोल्हापुरातील प्रसंग मराठी वाङ्मयात अपूर्व आहे. वय अवघे अकरा वर्षांचे. घरी आलेल्या कपिला गाईला वासरू झाले आणि ते वासरू या मुलीच्या पाठीमागे सर्वत्र हिंडू लागले. जयरामस्वामींच्या कीर्तनासही ते तिच्याबरोबर जाई. गर्दीत वासराला बाहेर काढले, तेव्हा स्वामींनी ते आणवून दोघांच्याही मस्तकावर हात ठेवला. गावात बोलबाला झाला. पती वेदज्ञ ब्राह्मण. पत्नीभोवती लोक जमतात हे त्यांना सहन झाले नाही. त्यांनी तिला मारले, हातपाय बांधून टाकले. पुढे वासरू मेले, मुलगी बेशुद्ध पडली, आणि त्या अवस्थेत तिला तुकोबांचे दर्शन होऊन मंत्र मिळाला. तुकोबांना तिने तोपर्यंत पाहिलेले नव्हते. त्यांचे अभंग जयरामस्वामींच्या मुखाने ऐकले होते, एवढेच.

येथे एक गोष्ट मला फार महत्त्वाची वाटते. बहिणाबाईंनी ही मारहाण झाकली नाही. पतीचा राग, त्याचे बोलणे, घर सोडून निघून जाण्याची त्याची धमकी, आणि ऐन वेळी त्याने आजारी पडून पश्चात्ताप पावणे, हे सगळे क्रमाने आले आहे. त्याच गाथेत पतिव्रताधर्माचे अभंगही आहेत, आणि तेही त्यांनी मनापासून लिहिले आहेत. स्त्रीच्या देहामुळे वेदशास्त्राची दारे आपल्याला बंद, आता परमार्थ कसा साधावा, ही व्यथाही तेथेच आहे. काही आधुनिक टीकाकारांना त्यांचा पातिव्रत्यावरील भर खटकतो. जुन्या वळणाच्या वाचकांना मारहाणीचा उल्लेख खटकतो. दोघेही आपल्याला हवी तेवढीच बहिणाबाई ठेवू पाहतात. मला तर या न जुळणाऱ्या गोष्टी शेजारी शेजारी राहू दिल्या आहेत, हीच त्या निवेदनाच्या खरेपणाची खूण वाटते. एखादे चरित्र लिहिणारा शिष्य असता तर त्याने एक बाजू निश्चित गाळली असती. संतचरित्रे वाचून वाचून आपल्याला इतक्या गुळगुळीतपणाची सवय झाली आहे की, एखादा खडबडीत भाग आला म्हणजे लेखनिकाची चूक असावी असे वाटते!

पुढे पतीसह त्या देहूस आल्या. शूद्राचा अनुग्रह ब्राह्मण स्त्रीने घेतला म्हणून मंबाजींनी या कुटुंबाचा छळ केला. त्यांची गाय बांधून मारली, पुण्याच्या आपाजी गोसाव्यांना तक्रारीचे पत्र लिहिले. हा तपशील इतिहासाच्या दृष्टीनेही मोलाचा आहे. तुकोबांच्या चरित्राची बहुतेक साधने नंतरच्या काळातील. महीपतींचे ‘भक्तविजय’ अठराव्या शतकातले आहे. तुकोबांच्या हयातीत देहूस राहून त्यांची कीर्तने ऐकलेल्या व्यक्तीची साक्ष आपल्याजवळ आहे, ती एका अशा स्त्रीची की जिला पोथी हाताळण्याचाही अधिकार नाही असे शेजारी म्हणत. तिने स्वतःविषयी बोलणे अहंकार मानले असते तर तुकोबांविषयीची ही साक्षही आपल्याला अंतरली असती.

त्यांच्या वाणीविषयी दोन शब्द. ज्याचा गुरू शूद्र त्याने ब्राह्मण्याचा प्रश्न टाळावा कसा? बहिणाबाईंनी तो टाळला नाही. ‘वज्रसूची’ या संस्कृत प्रकरणातील विचार त्यांनी मराठी अभंगांत आणला : जीव, देह, जाती, वर्ण, कर्म यांपैकी ब्राह्मण कशाला म्हणावे? पाठशाळेत हे प्रकरण मीही पाहिले आहे, आणि पूर्वपक्ष-उत्तरपक्षाचा एक चांगला नमुना म्हणून त्याचा उपयोगही केला आहे. परंतु बहिणाबाईंच्या अभंगांत तोच युक्तिवाद वाचताना ध्यानात येते की, या प्रश्नापायी त्यांना उपाशी राहावे लागले होते, गावातून हाकलले जाण्याची भीती होती. शब्द उसने असूनही वाणी स्वतःची कशी होते याचे याहून स्पष्ट उदाहरण माझ्या वाचनात नाही.

1700 मध्ये, वयाच्या बहात्तराव्या वर्षी, अंतकाळ जवळ आला असे पाहून त्यांनी पुत्र विठोबास जवळ बोलावले आणि आपल्या पूर्वीच्या बारा जन्मांची कथा सांगितली. हा त्यांचा तेरावा जन्म. पूर्वजन्मांच्या या कथनाचे प्रामाण्य ज्याने त्याने आपल्या श्रद्धेप्रमाणे ठरवावे. मला त्यातील बैठक लक्षणीय वाटते. पुढे विद्वत्सभा नाही, यजमान नाही, मागणे नाही. ज्याने सारे आयुष्य जवळून पाहिले, त्या मुलापुढे आई बोलते आहे. पुढे दोन शतकांहून अधिक काळ ही गाथा हस्तलिखितात राहिली. विसाव्या शतकाच्या दुसऱ्या दशकात ती छापून आली आणि 1929 मध्ये जस्टिन अ‍ॅबट यांनी तिचे इंग्रजी भाषांतर प्रसिद्ध केले, तेव्हा महाराष्ट्राबाहेरच्या अभ्यासकांनाही कळले की सतराव्या शतकात एका मराठी स्त्रीने आपले चरित्र सांगून ठेवले आहे. त्याच शतकात, 1641 मध्ये, आग्र्याच्या बनारसीदास या जैन व्यापाऱ्याने ‘अर्धकथानक’ लिहून आपल्या पंचावन्न वर्षांचा नफातोटा हिंदी पद्यात मांडला होता. देशी भाषांत त्या काळी काहीतरी हलत होते, एवढे निश्चित.

इंग्रजी विद्येच्या काळात मराठीत आत्मचरित्र हा स्वतंत्र वाङ्मयप्रकारच झाला. बेळगावात 1831 मध्ये जन्मलेले बाबा पदमनजी यांचे ‘अरुणोदय’, रमाबाई रानड्यांच्या 1910 मधील आठवणी, धोंडो केशव कर्वे यांचे ‘आत्मवृत्त’, लक्ष्मीबाई टिळकांची ‘स्मृतिचित्रे’ ही नावे सर्वांच्या परिचयाची आहेत. त्यांचा येथे विस्तार करीत नाही. एका ग्रंथाजवळ मात्र थांबले पाहिजे, कारण त्याच्या कर्त्याने जुनाच शब्द पुन्हा उचलला. गोव्यातील साखवाळ येथे 1876 मध्ये जन्मलेल्या धर्मानंद कोसंबी यांच्या आत्मचरित्राचे नाव ‘निवेदन’ असे आहे.

कोसंबींची कथा प्रत्येक पाठशाळेतील विद्यार्थ्याने वाचावी. शाळा फारशी झालेली नाही, नारळाच्या बागेची देखभाल करण्यात दिवस जात आहेत. अशा तरुणाने ‘बालबोध’ या मुलांच्या मासिकात बुद्धाचे चरित्र वाचले, आणि त्याचे आयुष्य बदलले. घर सोडण्याचे त्यांचे प्रयत्न एकदाच नव्हे, पुन्हा पुन्हा फसले. ते फसणेही त्यांनी लिहिले आहे. 1899 मध्ये पत्नी व तान्ही मुलगी मागे ठेवून ते निघाले ते संस्कृत शिकण्यासाठी. पुणे, तेथून ग्वाल्हेर, तेथून काशी. काशीत अन्नछत्रात जेवून त्यांनी अध्ययन केले. ते छत्र, तेथील अन्न, थंडी, सहाध्यायांची वागणूक यांची वर्णने ज्यांनी माधुकरीवर विद्या केली त्यांना ओळखीची वाटतील. नेपाळ, सिंहलद्वीप, ब्रह्मदेश असा त्यांचा पुढील प्रवास झाला आणि ते पालीचे पंडित म्हणून जगभर मान्यता पावले. कलकत्त्याच्या विश्वविद्यालयातील अधिक वेतन सोडून त्यांनी बडोद्याच्या सयाजीराव महाराजांचे महिना पन्नास रुपयांचे साहाय्य स्वीकारले, कारण त्यांना महाराष्ट्रात राहून आपल्या लोकांसाठी मराठीत लिहावयाचे होते.

कोसंबींचे निष्कर्ष आमच्या संप्रदायाला मान्य होण्यासारखे नाहीत, हे सांगितलेच पाहिजे. वैदिक धर्माविषयीची त्यांची अनेक मते मलाही पटत नाहीत. परंतु मतभेदामुळे ज्या साक्षीचा लाभ घ्यावयाचा तो सोडणे शहाणपणाचे नव्हे. पत्नीला सोडून जाण्याचे समर्थन त्यांनी थाटात केलेले नाही. ज्ञानाची ओढ आणि घरच्यांचे दुःख ही दोन्ही त्यांनी मांडून ठेवली आहेत. बहिणाबाईंत आणि त्यांच्यात धर्म, काल, विद्या कशाचाच मेळ नाही, तरीही हे न झाकणे दोघांत समान आहे.

‘निवेदन’ ग्रंथरूपाने 1924 मध्ये आले. त्यापूर्वी ते गोव्यातील ‘भारत’ पत्रातून क्रमशः प्रसिद्ध होत होते. हे पत्र गोविंद पुंडलीक हेगडे देसाई यांनी 1912 मध्ये केपे येथे सुरू केले होते. त्या वेळी कोसंबींना पुण्यामुंबईच्या विद्वानांत मान होता आणि अमेरिकेतील हार्वर्ड येथे काम करून ते आले होते. त्यांना वाचक कोठेही मिळाले असते. पण आपण पळून कसे गेलो, बायकोपोराला कसे सोडले, पैसा कोणाकडून घेतला आणि कोठे उपाशी राहिलो, हे सर्व त्यांनी प्रथम त्याच गोव्यातील लोकांपुढे ठेवले, ज्या गोव्यात साखवाळचे कोसंबी घराणे सर्वांना ठाऊक होते आणि त्यातील एखादे वाक्य खोटे असते तर दुसऱ्याच आठवड्यात कोणीतरी तसे पत्र लिहून कळविले असते.